चवदार तळ्याला पासवर्ड

आधी हिशोब मांडतो. शिव्या नंतर घालीन, त्या कुठं पळून जात नाहीत.

४ ऑगस्ट १९२३ ला मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव पास झाला. सरकारी पैशानं बांधलेले नि चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले. १९२४ ला महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर तळं खुलं. पाणी तिथंच, वाट तिथंच, तहान तिथंच. तरी २० मार्च १९२७ उजाडेपर्यंत आमची ओंजळ त्या पाण्याला लागली नाही. लागली तेव्हा डोकी फुटली, तळं शेणा-गोमूत्रानं धुतलं गेलं, नगरपालिकेनं आपला ठराव गिळला, आणि हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ साल उजाडलं.

हे सगळ्यांना पाठ आहे, भाषणात टाळ्या घेतं. मी टाळ्यांसाठी नाही सांगत. ठराव आणि ओंजळ यांच्यात किती अंतर असतं ते मोजायची पट्टी म्हणून सांगतोय.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, शाळांना कुलपं लागली. मग दवंडी पिटली गेली : शिक्षण थांबणार नाही, शिक्षण ऑनलाइन झालं, आता गरीब-श्रीमंत, शहर-खेडं भेद उरला नाही, ज्याच्या हाताला अंगठा आहे त्याच्या अंगठ्याखाली सगळं ज्ञान. अंगठा म्हटलं की आमच्या माणसाला एकलव्य आठवतो, पण ते राहू द्या.

तळं खुलं झालं. आता वाट मोजा. २०१७-१८ मध्ये सरकारच्याच राष्ट्रीय नमुना पाहणीनं मोजून ठेवलं होतं : खेड्यात ४.४ टक्के घरांत संगणक, शहरात २३.४. इंटरनेटची सोय खेड्यातल्या १४.९ टक्के घरांत, शहरातल्या ४२ टक्के. हे आकडे दवंडीच्या आधीचे आहेत. म्हणजे माहीत होतं. माहीत नसणं हा गुन्हा नाही, माहीत असून दवंडी पिटणं हा गुन्हा आहे. पुढं ऑगस्ट २०२१ ला, शाळा बंद होऊन दीड वर्ष होत आल्यावर, ज्याँ द्रेझ आणि बरोबरच्या माणसांनी १५ राज्यं-केंद्रशासित प्रदेशांतल्या गरीब घरांत जाऊन सुमारे १४०० पोरांना विचारलं. खेड्यात नियमित ऑनलाइन शिकणारी पोरं ८ टक्के. दलित-आदिवासी वेगळी काढली तर ४ टक्के. बाकीची १५.

पंधरा आणि चार. दोघंही खेड्यातली, दोघंही गरिबाघरची. पांढरपेशा म्हणेल, मोबाइलच्या टॉवरला जात कळते काय? टॉवरला नाही कळत रे बाबा. पण कुणाच्या बापाकडं फोन आहे, कुणाकडं नाही, कुणाची आई पोराशेजारी बसून वाचून दाखवू शकते, कुणाची भांड्याला गेली, हे कुणी ठरवलं?

आता माझं. मी शिवडीचा. माझी दहावी २०२०-२१ ची. आमच्या बॅचला लोक करोना बॅच म्हणतात, म्हणजे फुकट्यांची. परीक्षा झालीच नाही. नववीच्या निकालाचे पन्नास, दहावीच्या अंतर्गत परीक्षांचे तीस, तोंडी-गृहपाठाचे वीस, मारा बेरीज, पास. राज्याचा निकाल ९९.९५ टक्के. बाबांनी पेढे वाटले. मला वर्गसमीकरण म्हणजे काय ते येत नव्हतं. कागदावर मॅट्रिक, डोक्यात नववीची पहिली सहामाही. पुढं कॉलेजात नाव घातलं, दोन महिने गेलो, फळ्यावरचं कळेना, सोडलं. आणि गोदीत लागलो, ठेकेदाराकडं, बाबांच्याच टोळीत.

दहावीच्या त्या वर्षी घरात फोन एक होता, बाबांचा. टाळेबंदीतही गोदी चालू होती. बाबा पाळीला जाताना फोन नेत, कारण मुकादमाचा फोन चुकला तर उद्याचा रोज चुकला. मग आईनं कानातलं मोडून दुसरा फोन घेतला, जुना, काचेला तडा गेलेला. त्या फोनवर हक्क कुणाचा? माझा. का, तर दहावी. माझी बहीण आठवीत. तिचा वर्ग अकराला, माझाही अकराला. पहिले आठ दिवस भांडली. मग बोलेनाशी झाली. मग आईबरोबर कामाला जायला लागली. ४ ऑक्टोबर २०२१ ला मुंबईत आठवी ते बारावीच्या शाळा उघडल्या तेव्हा ती नववीत ढकललेली होती. आठ दिवस गेली. नवव्या दिवशी म्हणाली, मला तिथं काहीच कळत नाही रे दादा. आणि गेली नाही.

ती आठवी मी खाल्ली. कुठल्या भटानं खाल्ली नाही, कुठल्या सावकारानं खाल्ली नाही. व्यवस्थेनं एक ताट मांडलं आणि दोघांत सोडलं, मी तिच्या हातून ओढून खाल्लं, आणि पोट भरलं नाही ते नाहीच. मित्रांनो, व्यवस्थेला शिव्या घालणाऱ्या आपल्या कवितेत बहिणीचं हे ताट कुठं आहे? माझ्याही कवितेत नव्हतं.

आणि वर्ग तरी कसा? एकदा बाईंनी फर्मान काढलं, सगळ्यांनी कॅमेरा चालू करा. केला. माझ्यामागं पत्रा, पाण्याचं पिंप, बाबासाहेबांची तसबीर, मोरीशी बसून भांडी घासणारी आई. शाळेत निदान युनिफॉर्म असतो. एका रंगाच्या कापडाखाली घर झाकलं जातं, सकाळचे पाच तास तरी. इथं शाळाच पोराच्या घरात घुसली आणि घर चव्हाट्यावर मांडलं. पाच मिनिटांत ग्रुपवर आलं, ‘निळं वादळ लाइव्ह’, पुढं हसणाऱ्या तोंडांची रांग. बाईंना ते दिसलं नाही, बाई पान वाचत होत्या. मी कॅमेरा बंद केला आणि वर्षभर चालू केला नाही. विचारायचं होतं तेव्हा आवाज बंद केलेला. बाईंनी सगळ्यांना म्यूट करून ठेवलं होतं, गोंगाट नको म्हणून. म्यूट! आमच्यासाठी नवा फक्त शब्द होता.

हा सगळा प्रकार काय होता ते मला गोदीत कळलं. जहाजाच्या पोटात, हॅचखाली, आम्ही माल लावतो. वर क्रेनवाला. क्रेनवाल्याला खालचं दिसत नाही. म्हणून हॅचच्या तोंडाशी सिग्नलमन उभा असतो. तो वाकून खाली बघतो आणि हातानं वर खूण करतो : उतरव, थांब, सावकाश, घे वर. क्रेन कोट्यवधीची असली तरी त्या एका माणसाच्या हाताशिवाय ती आंधळी. तो नसला तर हूक एक तर हवेत लोंबतो, नाही तर कुणाच्या टाळक्यात बसतो. ऑनलाइन शाळेनं क्रेन आणली आणि सिग्नलमनचा पगार वाचवला. वरून धडे सोडले. खाली कोण आहे, त्याच्या हाताशी माल लागला की डोक्यावर आदळला, बघायला कुणी ठेवलंच नाही. संध्याकाळी हजेरीचा आकडा वर गेला : इतके लिंकवर आले. लिंकवर आलेला शिकला, असं धरून.

हे काही आमच्या वस्तीपुरतं खरं नाही. हार्वर्ड आणि एमआयटी या अमेरिकेतल्या दोन मोठ्या विद्यापीठांनी उघडलेल्या ऑनलाइन कोर्सांचा हिशोब २०१९ ला छापून आला. २०१७-१८ मध्ये नाव घातलेल्या शंभरातल्या जेमतेम तिघांनी कोर्स पुरा केला. जगातलं सगळ्यात नावाजलेलं तळं, घाटावर पहारा नाही, तरी शंभरातले सत्त्याण्णव कोरडे परतले. आणि आलेले तरी बहुतेक श्रीमंत देशांतलेच.

आता आपल्यातल्यांशी भांडतो, कारण ते जास्त जरुरीचं आहे. आपले काही जुने कार्यकर्ते म्हणतात : फेका तो फोन. यंत्र भांडवलदाराचं, पडदा भांडवलदाराचा, पोरं बिघडतात, आपली पुस्तकं बरी. ऐकायला बरं वाटतं. पण बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या पुस्तकात गांधीवादाची चिरफाड केली तेव्हा नेमका हाच मुद्दा धरला होता. यंत्र नको म्हणणं म्हणजे राबणाऱ्याला जन्मभर राबत ठेवणं. यंत्रानं माणसाला फुरसत मिळते, आणि फुरसतीशिवाय माणसाला डोकं वापरता येत नाही. दोष यंत्राचा नाही, यंत्र ज्यांच्या ताब्यात आहे त्या समाजरचनेचा. चरख्याचं कौतुक कुणी करावं? ज्याला दुसरा पर्याय आहे त्यानं.

आणि माझ्या घरानं हे अंगावर घेतलंय. १९८९ ला न्हावा-शेवा बंदर सुरू झालं. कंटेनर आला. ज्या जहाजावर टोळ्यांच्या टोळ्या आठवडाभर खपायच्या, ते जहाज क्रेननं दिवसात रिकामं व्हायला लागलं. आजोबा पोती उचलणारे. मी कंटेनरला वाईट म्हणणार नाही. पाठीवरचं पोतं गेलं हे वाईट झालं, असं ज्यानं कधी पोतं उचलून बघितलंय त्यानं माझ्यासमोर येऊन म्हणावं. वाईट हे, की पोत्याबरोबर भाकरीही गेली, आणि वाचलेल्या मेहनतीचा पैसा कुणाच्या गल्ल्यात पडला हे विचारायला आमचा माणूस टेबलाशी नव्हता. शिक्षणात कंटेनर आलाय. या वेळी टेबलाशी बसायचं की पुन्हा धक्क्यावर उभं राहून बघत बसायचं, एवढाच सवाल आहे.

यंत्र काय करू शकतं ते मी सांगतो, कारण मी ते भोगलंय तसं चाखलंयही. गेल्या पावसाळ्यात, वयाच्या विसाव्या वर्षी, मी वर्गसमीकरण शिकलो. फोनवर उतरवून घेतलेल्या मराठी व्हिडिओवरून, रात्रपाळी करून आल्यावर. कळलं नाही तिथं मास्तरला थांबवलं. मागं ढकललं. सहा वेळा मागं ढकललं. सहाही वेळा त्यानं त्याच आवाजात तेच सांगितलं, ‘तुमच्यात कुणी शिकलंय का’ असं विचारलं नाही. हे च्यायला क्रांतिकारक आहे! जोतीराव-सावित्रीबाईंनी १८५५ ला घरीच रात्रीची शाळा काढली, का, तर दिवसा राबणाऱ्याला रात्रीच वेळ. बाबासाहेबांनी १९४६ ला सिद्धार्थ कॉलेज काढलं नि वर्ग सकाळचे ठेवले, नोकरीवर जाणाऱ्या पोरांसाठी. शाळेनं कामगाराच्या वेळेला वाकायचं, हे आपल्या माणसांनी केव्हाच करून दाखवलं. भरून ठेवलेला धडा तेच करतो, मध्यरात्री दोन वाजताही करतो. आणि २०२० च्या शहाण्यांनी काय केलं? हे सोडून नेमकी उलटी गोष्ट केली : सगळ्यांनी अकराला लाइव्ह या. शाळेची घंटा उचलून फोनमध्ये कोंबली.

पैशाचाही हिशोब बघा. लाइव्ह वर्गाचा एक तास म्हणजे अर्धा जीबी सहज गेला, चित्र चांगलं असेल तर त्याहून जास्त. तोच तास नुसत्या आवाजाच्या फाईलमध्ये तीसेक एमबीत मावतो. फाईल एकानं उतरवायची, बाकीच्यांना ब्लूटूथनं, कार्डानं, पेनड्राइव्हनं द्यायची. नेटचा खर्च एकदा, शिकणारी पोरं वीस. हे कळायला इंजिनिअर लागत नाही, खिसा रिकामा असलेला माणूस लागतो. पण धोरण ठरवणाऱ्यांत तसा कुणी नसतो.

यंत्र घरोघर वाटून टाका, झालं काम, असं म्हणणाऱ्यांनी ‘असर’चा २०२४ चा अहवाल बघावा. खेड्यातल्या १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के पोरांना स्मार्टफोन चालवता येतो. त्यांतल्या ७६ टक्क्यांनी त्या आठवड्यात सोशल मीडियासाठी वापरला, अभ्यासाचं काही करायला ५७ टक्क्यांनी. फोन आला. सिग्नलमन अजून आला नाही. मधल्या मध्ये ॲप विकणारे आले. आमच्या चाळीतही टाय लावून आले, हप्त्यावर टॅब घ्या, पोरगं डॉक्टर होतं म्हणाले. एका घरानं घेतला. ॲप बंद पडलं, हप्ता चालू राहिला.

मग करायचं कसं? करून झालंय. या देशात १९७५-७६ ला उपग्रहावरून टीव्ही दाखवायचा मोठा प्रयोग झाला. सहा राज्यांतली २४०० गावं, अमेरिकेकडून वर्षभरासाठी मागून घेतलेला उपग्रह. सकाळी दीड तास शाळेच्या पोरांसाठी. संच गावासाठी, कुणा पाटलाच्या माडीवरच्या दिवाणखान्यासाठी नाही. यंत्र एक, बघणारी सगळी. २०२० मध्ये केरळानं थेट वर्गांऐवजी सरकारी टीव्ही वाहिनीवर धडे लावले. तिथंही पहिल्या फेरीत टीव्ही नसलेली पोरं राहिलीच. त्या जूनमध्ये टीव्ही बिघडलेल्या, फोनचं रिचार्ज संपलेल्या घरातल्या एका दलित मजुराच्या दहावीतल्या पोरीनं जीव दिला. वाचनालयांतून, अंगणवाड्यांतून टीव्ही लावून पोरांना एकत्र बसवायचं काम तिथं वाढलं, पण त्या पोरीला उशीर झाला होता. आपल्याकडं सोलापुरात, यंत्रमाग कामगारांच्या नीलमनगरात, शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर धडे रंगवले, येता-जाता पोरं वाचत. पालघरच्या जव्हार-मोखाड्याकडं पाड्यांवर भोंगा लावून धडे ऐकवले. भिंत आणि भोंगा! कुणाला हसू येईल. मला नाही आलं. भिंतीला रिचार्ज लागत नाही, आणि भोंग्याभोवती बहीण-भाऊ दोघंही बसू शकतात.

आमच्या वस्तीत विहाराच्या खोलीत आम्ही गेलं वर्षभर हेच चालवतो. भंगारातून आणलेला, दुरुस्त केलेला टीव्ही. एक पेनड्राइव्ह. पंधरा मिनिटांचा धडा, मग टीव्ही बंद. बंद म्हणजे बंद. मग पोरं एकमेकांना सांगतात काय कळलं, आणि ज्याला नाही कळलं त्याचं नाव वहीत. दुसऱ्या दिवशी सुरुवात त्या नावापासून. कॅमेरा नाही, लाइव्ह नाही, हजेरीचं ॲप नाही. समोर बसलेला मोठा मुलगा शिक्षक नाही, तो सिग्नलमन. त्याला उत्तर यायलाच हवं असं नाही, पोराचा चेहरा वाचता यायला हवा. पहिले दोन महिने आमचंही चुकलं. आम्ही अख्ख्या तासाचे व्हिडिओ लावले आणि निम्मी पोरं झोपली. आम्हाला वाटलं पोरं नालायक. नालायक आम्ही होतो.

पण हे विहारात चालतं म्हणून सरकारची सुटका नाही, हे ठणकावून सांगतो. वर्गणीवर शाळा चालवणं हे आमचं भूषण असेल, त्यांची ती लाज आहे. सरकारच्याच २०२३-२४ च्या आकड्यांप्रमाणं देशातल्या शंभरातल्या ५४ शाळांत इंटरनेट होतं. उरलेल्या ४६ कुणाच्या पोरांच्या, ते मी सांगायला हवं का? केरळ हायकोर्टानं सप्टेंबर २०१९ मध्ये, हॉस्टेलात मोबाइल जमा करायला नकार देणाऱ्या एका विद्यार्थिनीच्या खटल्यात सांगून ठेवलंय की इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे. मग हक्क म्हणून द्या, खैरात म्हणून नको. प्रत्येक वस्तीत एक खोली, वीज, पडदा, नेट, आणि रात्री दहापर्यंत उघडं दार. शाळेचा प्रत्येक धडा मराठीत, उतरवून घेता येईल असा, पासवर्डाशिवाय, फुकट. त्या खोलीत पगारी माणूस, वस्तीतला, त्यातली निम्मी पदं पोरींना. आणि जिथं शाळा आहे तिथं शाळा राहील. ऑनलाइनच्या नावाखाली एक शिक्षक कमी केलात, एक शाळा दुसरीत ढकललीत, तर टीव्ही आम्ही विहारात लावलाय तसा तुमच्या कचेरीच्या दारात आणून लावू, आणि तिथंच वर्ग भरवू.

बहिणीनं यंदा १७ नंबरचा फॉर्म भरलाय. दहावीला बाहेरून बसतेय. बीजगणिताचे सगळे धडे तिच्या फोनमध्ये आहेत, स्वतःच्या फोनमध्ये, तिच्या पैशाच्या. पण कामं उरकून तिला साडेआठनंतरच वेळ मिळतो, आणि तिच्यासारख्या आणखी चौघी आहेत. साडेआठ ते दहा विहाराचं दार उघडं ठेवून त्यांच्यासमोर बसायला माणूस पाहिजे. मंगळवारी आणि गुरुवारी मला रात्रपाळी असते. कविता घेऊन येणारे पुष्कळ आहेत. त्या दोन रात्री कोण येतंय, नाव कळवा.